चूक दोघांची, भरपाई कोणाची?

रस्त्यावरील अपघातानंतर घरी समाचाराला येणाऱ्या माणसांच्या तोंडून एक वाक्य हमखास निघते : ‘थोडी चूक आपल्याकडूनही झाली होती, मग आता दावा कशाला?’ कोणी हेल्मेट नसल्याचे सांगतो, कोणी दुचाकीवर तिघे बसल्याचे, तर कोणी परवाना अजून हाती आला नसल्याचे. बोलणारे आप्त हितचिंतकच असतात. कोर्टकचेरीचा ताप त्या घराला होऊ नये, एवढाच त्यांचा हेतू असतो. परंतु घरातील कमावता माणूस गेलेला असतो किंवा अंथरुणाला खिळलेला असतो, मुलांचे शिक्षण अर्ध्यावर असते, दुकानाचे कर्ज चालू असते आणि अशा वेळी त्या एका वाक्यामुळे कायद्याने मिळू शकणारी रक्कम कुटुंब स्वतःहून सोडून देते.

दुसऱ्या टोकाला असेही घडते की विमा कंपनीचा प्रतिनिधी तडजोडीच्या बोलणीत तेच वाक्य वेगळ्या शब्दांत उच्चारतो : ‘निम्मी चूक तुमच्याच माणसाची आहे, तेव्हा निम्म्यावर मिटवू.’ हे निम्मे कशावरून ठरले, असे विचारण्याचे भान त्या क्षणी कोणालाच राहत नाही. म्हणून कायदा या सामाईक चुकीकडे कसा पाहतो, हे प्रत्येक कुटुंबाने शांतपणे समजून घेतले पाहिजे. चूक झाली होती का, एवढ्यावर कायदा थांबत नाही. त्या चुकीचा अपघातात आणि इजेत किती वाटा होता, हे तो विचारतो. जेवढा वाटा सिद्ध होईल तेवढीच भरपाई कमी होते. उरलेली रक्कम हा त्या कुटुंबाचा हक्क असतो.

एका दांड्याची गोष्ट

पूर्वी कायदा इतका समंजस नव्हता. इंग्लंडमधील डर्बी गावात एका इसमाने घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यावर आडवा दांडा टाकून ठेवला होता. संध्याकाळच्या वेळी दुसरा एक इसम घोडा भरधाव फेकीत आला, दांड्याला धडकून पडला आणि जबर जखमी झाला. रस्ता अडविणे ही पहिल्याची चूक होती, यात शंका नव्हती. पण पुरेसा उजेड होता आणि घोडेस्वाराने बेताने घोडा हाकला असता तर दांडा त्याला दुरून दिसला असता, असे पुराव्यात आले. १८०९ सालच्या या ‘बटरफील्ड विरुद्ध फॉरेस्टर’ खटल्यात घोडेस्वाराला एक छदामही मिळाला नाही. स्वतःची थोडीशी चूक असली तरी सगळा हक्क बुडाला, असा तो दंडक होता.

या दंडकाची कठोरता पुढे न्यायाधीशांनाही जाणवू लागली. १८४२ साली ‘डेव्हिस विरुद्ध मॅन’ या खटल्यात पुढचे पाय बांधून रस्त्यावर चरायला सोडलेले गाढव एका वेगवान गाडीखाली सापडून मेले. गाढव रस्त्यावर सोडणे ही मालकाची चूक होती. पण अपघात टाळण्याची अखेरची संधी गाडीवानाच्या हाती होती, म्हणून मालकाला भरपाई मिळाली. तरीही निवाडा ‘सगळे किंवा काहीच नाही’ असाच राहिला. अखेर १९४५ साली इंग्लंडच्या संसदेने कायदा करून नवे तत्त्व रुजविले : जखमी व्यक्तीची चूक असेल तर दावा फेटाळू नये, दोषाच्या प्रमाणात भरपाई कमी करावी.

भारतात असा स्वतंत्र सर्वसाधारण केंद्रीय कायदा झालेला नाही. मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६८ नुसार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ‘न्याय्य’ वाटेल अशी भरपाई ठरवायची असते. या ‘न्याय्य’ शब्दाच्या आधारे आपल्या न्यायालयांनी प्रमाणशीर वजावटीचे तत्त्व दीर्घकाळ स्वीकारलेले आहे. वकिलांच्या बोलण्यात त्याला ‘कॉन्ट्रिब्युटरी निग्लिजन्स’ म्हणतात. मराठीत त्याला अंशदायी निष्काळजीपणा म्हणता येईल.

आकड्यांत सांगायचे तर

तत्त्व आकड्यांत मांडले की त्याचे मोल कळते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ३८ वर्षांचा एक किराणा दुकानदार दुचाकीवरून जाताना ट्रकच्या धडकेत मरण पावला. प्राप्तिकर विवरणपत्रानुसार त्याचे वार्षिक उत्पन्न ३,६०,००० रुपये होते. मागे पत्नी, दोन मुले आणि आई असे चौघे अवलंबून आहेत.

सर्वोच्च न्यायालयाच्या ‘सरला वर्मा’ (२००९) आणि ‘प्रणय सेठी’ (२०१७) या दोन निकालांनी हिशेबाची रीत घालून दिली आहे. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्या आणि ४० वर्षांखालील व्यक्तीच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी ४० टक्के मिळवितात. म्हणजे ५,०४,००० रुपये झाले. अवलंबून असणारे चार ते सहा असतील तर मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा होतो. उरले ३,७८,००० रुपये. ३६ ते ४० या वयोगटासाठी गुणक १५ आहे. गुणाकार ५६,७०,००० रुपये येतो. अंत्यसंस्काराचा खर्च, सहवासाला मुकल्याबद्दलची रक्कम इत्यादी ठरावीक बाबी त्यात आणखी मिळवायच्या असतात. सोयीसाठी त्या येथे बाजूला ठेवू.

आता दुकानदाराचीही ३० टक्के चूक होती, असे न्यायाधिकरणाने ठरविले तर १७,०१,००० रुपये वजा होऊन ३९,६९,००० रुपये कुटुंबाला मिळतील. दोष ५० टक्के धरला तर २८,३५,००० रुपये मिळतील. म्हणजे निम्मी चूक मान्य झाली तरीही अठ्ठावीस लाखांहून अधिक रकमेचा हक्क शिल्लक राहतो. आणि ३० ऐवजी ५० टक्के हा आकडा तडजोडीत नुसता तोंडी मान्य केला, तर या कुटुंबाचे ११,३४,००० रुपये बोलता बोलता निघून जातात. दोषाची टक्केवारी हा या दाव्यातील सर्वांत महाग आकडा आहे आणि नेमका तोच बिनहिशेबी मान्य केला जातो.

चूक कोणाची, दावा कोणाचा?

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावा लागतो. जखमी किंवा मृत व्यक्तीची स्वतःची चूक अपघाताला हातभार लावते, तेव्हा तो अंशदायी निष्काळजीपणा. दोन वाहनचालकांच्या चुकीमुळे तिसऱ्याच निर्दोष व्यक्तीला इजा होते, तेव्हा तो संयुक्त निष्काळजीपणा. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या ‘टी. ओ. अँथनी’ निकालात हा भेद स्पष्ट केला आणि २०१५ च्या ‘खेनयेई’ निकालात त्याचे फलित सांगितले : संयुक्त निष्काळजीपणा असेल तर पीडित व्यक्ती दोन्ही वाहनांपैकी कोणाही एकाकडून संपूर्ण भरपाई वसूल करू शकते. त्या दोघांनी आपापसांत वाटणी कशी करायची, हा त्यांचा प्रश्न.

व्यवहारात याचा अर्थ मोठा आहे. वरच्या उदाहरणातील दुकानदाराच्या मागे त्याची पत्नी बसली होती आणि तिचा पाय मोडला, असे समजा. अपघात एकच, पण दावे दोन. पतीच्या मृत्यूबद्दलच्या दाव्यातून त्याच्या चुकीचे ३० टक्के कापले जातील. पत्नीच्या स्वतःच्या दुखापतीच्या दाव्यातून मात्र पतीची चूक वजा करता येत नाही, कारण वाहन ती चालवीत नव्हती. ट्रकच्या विमा कंपनीकडून ती पूर्ण भरपाई मागू शकते. दोन्ही दावे एकाच फाईलमध्ये एकाच टक्केवारीने मिटवून टाकण्याचा प्रस्ताव आला, तर ही बाब कुटुंबाने वकिलाला आवर्जून विचारली पाहिजे.

नियम मोडला म्हणजे दोष ठरला, असे नाही

सामाईक चुकीच्या बाबतीत सर्वांत जास्त गैरसमज येथे आढळतो. वाहतुकीचा नियम मोडणे आणि अपघाताला कारणीभूत होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी दंड आहे. दुसऱ्यासाठी भरपाईत वजावट आहे. पहिली सिद्ध झाली म्हणून दुसरी आपोआप सिद्ध होत नाही.

‘सुधीर कुमार राणा’ प्रकरणात (२००८) सतरा वर्षांचा मुलगा परवाना नसताना दुचाकी चालवीत होता आणि मिनी ट्रकशी टक्कर होऊन जखमी झाला. परवाना नसणे हा कायद्याचा भंग खराच. पण केवळ तेवढ्यावरून तो निष्काळजीपणे वाहन चालवीत होता असे म्हणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. ‘मोहम्मद सिद्दीक’ प्रकरणात (२०२०) मोटारसायकलवर तिघे बसले होते आणि मागून आलेल्या मोटारीने धडक दिली. उच्च न्यायालयाने तिघे बसल्याबद्दल १० टक्के वजावट केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. तिसरा माणूस बसल्यामुळे तोल गेला, अपघात घडला किंवा इजेची तीव्रता वाढली, असा संबंध पुराव्याने दाखविल्याशिवाय वजावट करता येत नाही, हे त्या निकालाचे सार आहे. मागून येणाऱ्या मोटारीने धडक द्यायची आणि पुढच्या दुचाकीवर किती जण होते हे मोजायचे, असा हा न्याय होऊ शकत नाही.

हेल्मेटचा प्रश्नही याच कसोटीवर तपासावा लागतो. हेल्मेट नसल्यामुळे अपघात घडत नाही; फार तर इजा वाढते. म्हणून इजा कोठे झाली, हे पाहणे अटळ ठरते. डोक्याला मार लागला असेल तर हेल्मेटचा मुद्दा विचारात येऊ शकतो. मांडीचे हाड मोडले असेल तर डोक्यावर हेल्मेट असते तरी ते मोडलेच असते. मोटारीतील सीटबेल्टबाबत इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९७५ साली ‘फ्रूम विरुद्ध बुचर’ या खटल्यात हीच विचारसरणी आकड्यांत बसविली : पट्टा लावला असता तर इजा मुळीच झाली नसती, अशा वेळी २५ टक्के वजावट, इजा बरीच सौम्य झाली असती, तर १५ टक्के, काहीच फरक पडला नसता, तर शून्य. भारतात असे ठरीव प्रमाण नाही, परंतु कारण आणि परिणाम यांची सांगड घालण्याची ही रीत वाचकांना विषय समजायला उपयोगी आहे.

याचा अर्थ हेल्मेट घालू नये किंवा परवान्याशिवाय मुलांच्या हाती गाडी द्यावी, असा कोणी काढू नये. भरपाई कितीही मिळाली तरी गेलेला माणूस परत येत नाही.

कोइंबतूरच्या रस्त्यावरील तीन वाहने

या तत्त्वाचा अलीकडचा आणि बोलका दाखला म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेला एक निकाल. तमिळनाडूतील कोइंबतूर येथे जानेवारी २०१७ मध्ये अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी मोटारसायकलवरून चालला होता. पुढच्या मोटारीने महामार्गावर अचानक ब्रेक लावला. मोटारसायकल तिच्यावर आदळली, तरुण रस्त्यावर पडला आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. पाय कापावा लागला. मोटारचालकाचे म्हणणे असे की गर्भवती पत्नीला उलटीची भावना झाल्यामुळे त्याने गाडी थांबविली.

एकाच घटनेकडे तीन न्यायपीठांनी तीन तऱ्हांनी पाहिले. न्यायाधिकरणाने मोटारचालकाला निर्दोष ठरवून बसचा दोष ८० टक्के आणि तरुणाचा २० टक्के मानला. उच्च न्यायालयाने मोटार ४०, बस ३० आणि तरुण ३० अशी वाटणी केली. सर्वोच्च न्यायालयाने महामार्गावर कोणताही इशारा न देता अचानक थांबणे हेच अपघाताचे मूळ मानले आणि मोटार ५०, बस ३०, तरुण २० असे प्रमाण ठरविले. तरुणाचा २० टक्के दोष कशासाठी? पुढच्या वाहनापासून पुरेसे अंतर त्याने राखले नव्हते आणि त्याच्याकडे वैध परवाना नव्हता. एकूण भरपाई सुमारे १ कोटी १४ लाख रुपये निश्चित झाली. त्यातून २० टक्के वजा करून सुमारे ९१ लाख रुपये दोन्ही विमा कंपन्यांनी द्यावेत, असा आदेश झाला.

या निकालातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. दोषाची टक्केवारी ही तराजूतील वजनासारखी अचूक नसते. ती पुराव्यावर आणि युक्तिवादावर ठरते, म्हणून पहिल्या निवाड्यातील आकडा अंतिम समजून गप्प बसू नये. दुसरी गोष्ट अशी की परवाना नसलेल्या, अंतर न राखलेल्या तरुणालाही चार पंचमांश भरपाई मिळाली. ‘आपलीही चूक होती’ म्हणून त्याच्या घरच्यांनी दावाच केला नसता तर?

विहारातील अपघात

जैन समाजाला या विषयाची आणखी एक बाजू ठाऊक आहे. आपले साधू-साध्वी अनवाणी पायी विहार करतात आणि आजचे पायरस्ते महामार्गांनी गिळलेले आहेत. पहाटेच्या अंधुक प्रकाशात रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या साध्वींना भरधाव वाहनाने उडविल्याच्या बातम्या समाजाने वेळोवेळी हळहळत वाचल्या आहेत. अशा वेळी वाहनचालकाच्या बाजूने ठरलेला बचाव येतो : ‘अंधारात दिसल्या नाहीत, रस्त्यावरच चालत होत्या.’

पादचाऱ्याची चूकही याच कसोटीने जोखली जाते. पदपथ नसलेल्या रस्त्याच्या कडेने चालणे हा दोष नव्हे. रस्त्यावर पायी चालणारा भेटेल, हे गृहीत धरूनच चालकाने दिव्यांच्या टप्प्यात थांबता येईल इतका वेग ठेवायला हवा. मात्र रस्त्याच्या मधोमध चालणे किंवा वाहन जवळ आलेले असताना एकाएकी रस्ता ओलांडणे याचा वाटा धरला जाऊ शकतो. विहारसेवेतील तरुणांनी समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालण्याची काळजी घ्यावी, पुढे व मागे स्वतःच्या हाती दिवे ठेवावेत, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटे घालावीत. त्याने जीव वाचतील. आणि दुर्दैवाने काही घडलेच तर ‘दिसले नाहीत’ हा बचाव टिकणार नाही.

ज्याने संसार सोडला त्याच्या मृत्यूबद्दल दावा कोण करणार, असाही प्रश्न पुढे येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ‘माँटफोर्ट ब्रदर्स’ प्रकरणात याला स्पर्श केला. मिझोराममधील अपघातात एका ख्रिस्ती धर्मसंघाचे ब्रदर मरण पावले. त्यांनी कौटुंबिक जीवनाचा त्याग केलेला होता. शाळेतील कामाचे वेतन संघाला जात होते. उच्च न्यायालयाने संघाला दावा करण्याचा अधिकार नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने ‘कायदेशीर प्रतिनिधी’ या शब्दाचा व्यापक अर्थ लावून संघाचा दावा ग्राह्य धरला. जैन साधूंच्या बाबतीत वस्तुस्थिती निराळी असते, वेतनही नसते. म्हणून हा निकाल जसाच्या तसा लागू होईल असे नाही. परंतु संन्यस्त व्यक्तीच्या बाबतीत दावाच होऊ शकत नाही, हा समज बरोबर नाही. जखमी साध्वींच्या शस्त्रक्रियेचा आणि शुश्रूषेचा खर्च संघ करतो. त्याची बिले व पावत्या रीतसर जपून ठेवण्याची सवय संघाच्या विश्वस्तांनी लावून घ्यावी.

सगळी चूक आपलीच असेल तर?

सामाईक चुकीचा न्याय वाटणीचा आहे. पण वाटणीला दुसरी बाजू हवी. चालकाच्या स्वतःच्याच बेदरकारपणामुळे मोटार उलटली आणि तो मरण पावला, दुसरे वाहन नाही, दुसऱ्याची चूक नाही, तर कलम १६६ खाली त्याच्या वारसांना भरपाई मिळत नाही. कर्नाटकातील अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये वारसांची मागणी अमान्य केली.

या धोक्यासाठी ‘मालक-चालक वैयक्तिक अपघात विमा’ आहे. त्याची रक्कम १५ लाख रुपये असून त्यात चूक कोणाची हा प्रश्न येत नाही. चालकाकडे वैध परवाना मात्र लागतो. पण नावाप्रमाणेच हे संरक्षण मालक स्वतः गाडी चालवीत असताना मिळते. आपल्या घरांत गाडी वडिलांच्या नावावर आणि चालविणारा मुलगा, अशी स्थिती सर्रास असते. त्या मुलासाठी वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घेतलेली आहे का, हे पॉलिसीचा कागद काढून आजच पाहावे.

चूक सिद्ध करण्याची कटकट नको असेल तर कलम १६४ चा मार्ग आहे. त्यात वाहनमालक किंवा विमा कंपनीकडून मृत्यूबद्दल ५ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळतात. कोणाचाही निष्काळजीपणा दाखवावा लागत नाही. मात्र विमा कंपनीशी कलम १४९ च्या पद्धतीने तडजोड करून ही रक्कम स्वीकारली, तर न्यायाधिकरणापुढील मोठा दावा संपुष्टात येतो. वरच्या उदाहरणातील कुटुंबाने ५ लाखांवर घाईने सही केली, तर ३९ लाखांचा मार्ग बंद होईल. धडक देऊन पळून गेलेले वाहन सापडलेच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूबद्दल २ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये मिळू शकतात.

कागद, मुदत आणि सही

दावेदाराची चूक होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्या चालकावर व विमा कंपनीवर असते. नुसता आरोप पुरत नाही. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा या दाव्यात लागत नाही. काय घडले असण्याची शक्यता अधिक, यावर निर्णय होतो. पोलिसांच्या पंचनाम्यात अपघातानंतर वाहने कोठे उभी होती हे दाखविलेले असते. पण तेवढ्यावरून चुकीचे माप काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ‘जिजू कुरुविला’ निकालात म्हटले आहे. म्हणून प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचे नाव व दूरध्वनी क्रमांक, जागेची छायाचित्रे, जवळच्या दुकानातील कॅमेऱ्याचे चित्रण आणि रुग्णालयातील पहिल्या तपासणीची नोंद या गोष्टी सुरुवातीच्या काही दिवसांतच मिळवाव्यात. इजा नेमकी कोठे झाली, हे त्या पहिल्या नोंदीतूनच कळते, आणि हेल्मेटचा वाद तिच्यावरच ठरतो.

उत्पन्नाचा पुरावा तितकाच मोलाचा. व्यापारी कुटुंबांत खरे उत्पन्न एक आणि विवरणपत्रातील उत्पन्न दुसरे, असे घडते. न्यायाधिकरण मुख्यतः कागदावरचे उत्पन्न धरते. कर वाचविण्यासाठी कमी दाखविलेला आकडा नंतर गुणकाने गुणला जातो आणि तोटाही तितक्याच पटीने वाढतो.

दाव्याची मुदत कायद्यात अपघातापासून सहा महिने अशी आहे. तिच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेला असला, तरी सहा महिन्यांच्या आत अर्ज करण्यातच शहाणपण आहे. अर्ज अपघात झाला त्या ठिकाणीच करावा लागतो असे नाही. दावेदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील न्यायाधिकरणातही तो करता येतो. सोलापूरच्या कुटुंबाने कर्नाटकात हेलपाटे घालण्याची गरज नाही.

लोकअदालतीत तडजोड करणे पुष्कळदा हिताचे असते. पैसा लवकर हाती येतो. परंतु तेथील निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील चालत नाही. सही करण्यापूर्वी दोन आकडे कागदावर लिहून घ्यावेत : पूर्ण भरपाई किती धरली आहे आणि चुकीपोटी किती टक्के वजा केले आहेत. हे दोन आकडे वेगवेगळे मांडले नाहीत, तर केवळ एकूण रक्कम पाहून होकार देऊ नये.

क्षमा आणि हक्क

धर्मपरायण घरांत एक अडखळ उरतेच. ज्याच्या हातून अपघात झाला त्याला क्षमा केली, मग त्याच्याकडून पैसे कसे घ्यावेत? भरपाई ही सूडाची किंमत नाही. सर्वसाधारणतः ती चालकाच्या खिशातून जात नाही. ज्या धोक्यासाठी वाहनमालकाने सक्तीचा विमा उतरविला, त्या धोक्यापोटी विमा कंपनी ती देते. चालकाविषयी मनात वैर न ठेवता विधवेने मुलांच्या शिक्षणासाठी दावा चालविणे, यात कोणताही विरोध नाही.

जैन आचारात प्रमाद, म्हणजे असावधपणा, हा हिंसेच्या मुळाशी मानलेला आहे; आणि ईर्यासमिती म्हणजे चालताना समोरची भूमी नीट पाहून पाऊल टाकणे. या दृष्टीने पाहता सामाईक चुकीचा कायदा परका वाटण्याचे कारण नाही. प्रत्येकाने आपापल्या असावधपणाचा वाटा उचलावा, एवढेच तो सांगतो. आपला ३० टक्के वाटा प्रांजळपणे मान्य करणे हा प्रामाणिकपणा आहे. दुसऱ्याच्या ७० टक्क्यांचे ओझेही आपल्याच पोरक्या मुलांच्या डोक्यावर ठेवणे, हा मात्र त्या मुलांवर अन्याय आहे.